पुन्हा त्याच उंबऱ्याशी



सामाजिक-आर्थिक विषमतेत काळानुसार झालेला बदल कसा मोजायचा, हा आपल्या परिषदेचा विषय आहे. त्याची चर्चा नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात होते आहे याचा मला फार आनंद आहे, कारण पन्नास वर्षांत एवढा पालटलेला मुलूख राज्यात क्वचितच सापडेल.

१९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी संस्था आली आणि या पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. इथला आगरी-कोळी समाज भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासळी यांवर जगत होता. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या जासई-दास्तान परिसरात मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना मिळाली. मुंबईचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला आणि तिथे ओझी वाहणाऱ्या, घाटावरून आलेल्या माथाडी कामगारांची कुटुंबे कोपरखैरण्यात वसली.

आता मोजणी करायची तर कशी? साडेबारा टक्क्यांतला भूखंड विकला त्या वर्षी खर्चाची पाहणी झाली, तर ते घर सुखवस्तू ठरेल. पंधरा वर्षांनी पैसा संपलेला आणि मुलगा कंत्राटी कामावर, असेही होऊ शकते. उलट एखाद्या माथाड्याने बैठ्या घरावर मजला चढवला, खालची खोली भाड्याने दिली, मुलीला शिकवले. दोन्ही घरे एकाच सेक्टरमध्ये असतात आणि सरासरीत विरून जातात. शिवाय घर हेच एकक धरले की माहेरच्या जमिनीतला वाटा सोडून हक्कसोडपत्रावर सही करून आलेली बहीण आपल्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. मला हे फार खुपते.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की बदल मोजायचा तर पुन्हा त्याच उंबऱ्याशी, त्याच घरांकडे आणि माणसांकडे, जावे लागेल.

महाराष्ट्रात ही दृष्टी जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. जुनी दप्तरे धुंडाळून त्यांनी दाखवले, की १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि त्यांच्या पाहणीच्या वेळी जेमतेम ७ एकर. आज तिथे उंच इमारती आहेत. सात एकरवाल्यांची आणि भूमिहीनांची नातवंडे त्या इमारतींच्या कोणत्या मजल्यावर, की बाहेरच, हे शोधण्याजोगे आहे.

पुढे १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांचा निकष धरून दारिद्र्यरेषा मांडली: १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा ग्रामीण भागात १५ रुपये, शहरात साडेबावीस. किमतींचे आधारवर्ष एकच ठेवल्यामुळे त्यांना ठामपणे सांगता आले, की वाढ झाली, पण शहरातल्या तळाच्या लोकांचा उपभोग घटला.

आज गजच बदलतो आहे. उपभोग खर्चाच्या २०११-१२ च्या पाहणीत आणि २०२२-२३ च्या पाहणीत प्रश्नावलीही वेगळी, माहिती गोळा करण्याची पद्धतही वेगळी. विषमता घटल्याचा निष्कर्ष त्यावरून घाईने काढणे गरिबांवर अन्यायाचे होईल. त्यात अतिश्रीमंतांची घरे अशा पाहण्यांच्या हाती सहसा लागत नाहीत. जातीचे तपशील सर्व समाजांसाठी जनगणनेत शेवटचे आले ते १९३१ साली. येत्या जनगणनेत ते पुन्हा नोंदवले जाणार आहेत, तेव्हा त्यांची जुन्या नोंदींशी सांगड कशी घालायची यावर या परिषदेत नेमके बोलले जावे, अशी माझी विनंती आहे.

उद्या सकाळच्या सत्राआधी गावठाण आणि माथाडी वसाहत पाहायला जाण्याची सोय केली आहे. दोन्हीकडची जुनी माणसे भेटायला तयार आहेत. ज्यांना यायचे आहे त्यांनी नोंदणीच्या टेबलावर आज संध्याकाळपर्यंत नाव द्यावे.