हे कोणी पाहिले?

(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गातील भूगोलविषयक व्याख्यानाचा मजकूर)



बाजारात मडके घेणारी गृहिणी ते नुसते डोळ्यांनी पारखत नाही. बोटाने वाजवून पाहते. जी चीर दृष्टीस पडत नाही, ती आवाजावरून कळते. पृथ्वीच्या अंतरंगाविषयी मानवाला जे ज्ञान झाले आहे, तेही बहुतांशी याच रीतीने. भूगोलाच्या पुस्तकात भूकवच, प्रावरण व गाभा असे रंगीत थर काढलेले असतात. मुले ती नावे पाठ करतात. परंतु ‘हे कोणी पाहिले?’ असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर शिक्षकाजवळ त्याचे उत्तर असले पाहिजे.

पाहिले कोणीच नाही. भूपृष्ठापासून केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. तत्कालीन सोव्हिएत रशियातील कोला द्वीपकल्पात खणलेले विवर १९८९ साली १२,२६२ मीटर खोलीपर्यंत गेले. एवढा खटाटोप होऊनही त्या अंतराचा पाचशेवा हिस्सासुद्धा गाठता आला नाही.

जेथे हात पोचत नाही, तेथे भूकंपाच्या लहरी पोचतात. त्यांपैकी प्राथमिक लहरी घन व द्रव अशा दोन्ही पदार्थांतून जातात. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करून या लहरींचे प्रकार वेगळे ओळखले. पुढे १९०६ साली, दूरच्या ठिकाणी लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात यावरून, पृथ्वीला निराळा गाभा आहे असे त्यांनी दाखविले. हा गाभा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर सुरू होतो, हे बेनो गुटेनबर्ग यांनी १९१४ च्या सुमारास ठरविले. भूकवचाखालचा तोवरचा सारा भाग म्हणजे प्रावरण.

प्रावरणाच्या आत काय आहे, हे कसे कळते, ते शाळेच्या अंगणातही दाखविता येईल. चुन्याने मोठे वर्तुळ आखावे. आतील एका भागात वाळू पसरून तेथून सावकाश चालावयाचे, असा नियम करावा. एका मुलाला पाठमोरे उभे करून इतरांना वर्तुळाच्या कडेवरील एका ठिकाणाहून दुसरीकडे सरळ रेषेत पाठवावे. अंतराच्या मानाने कोण उशिरा पोचला, एवढेच त्या मुलाला सांगावे. एकाच उशिरावरून वाळूची जागा समजणार नाही. परंतु निरनिराळ्या दिशांनी गेलेल्या अनेक मुलांच्या वाटा कागदावर आखल्या, तर उशिराच्या वाटा जेथे एकमेकींस छेदतात, तेथे वाळू आहे हे तो न पाहता सांगेल.

शास्त्रज्ञ हेच करतात. हार्वर्ड विद्यापीठातील अॅडम झेवॉन्स्की यांनी अनेक भूकंपांच्या नोंदी एकत्र करून १९८४ साली खोल प्रावरणाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यानंतर यंत्रे वाढली आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. आफ्रिका व पॅसिफिक महासागर यांच्या खाली, गाभ्याला लागून, हजारो किलोमीटर पसरलेले दोन प्रदेश आढळतात. त्यांतून दुय्यम लहरी मंदगतीने जातात. उलटपक्षी, भारताच्या खाली खोलवर लहरी जलद जाणारे पट्टे आहेत. लुप्त झालेल्या टेथिस समुद्राचा तो बुडालेला थंड तळ होय, असा अर्थ लावला जातो. प्रावरणाचा खडक घन असूनही वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने वाहतो; थंड भाग खाली जातो, तप्त भाग वर येतो.

महाराष्ट्राचा काळा कातळ या कथेचाच एक भाग आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हारस बाहेर पडला, तेव्हा भारतभूमी आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्त स्थानावर होती, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या बेटाभोवती समुद्रतळावर २०१२-१३ साली यंत्रे ठेवण्यात आली. तेथील उष्ण खडकाचे मूळ गाभ्याच्या सीमेपर्यंत जाते, असे २०२१ च्या संशोधनात दिसून आले.

तथापि या चित्रांना छायाचित्र समजू नये. त्यांतील तांबडा व निळा रंग उष्णतेचा नव्हे, लहरींच्या मंद-जलद गतीचा असतो. मंदगतीचे ते दोन प्रदेश केवळ तप्त आहेत, की त्यांचे द्रव्यच वेगळे आहे, याविषयी आजही मतभेद आहेत. महासागरांत यंत्रे थोडी, म्हणून तेथील चित्र पुसट.

हे सारे मुलांना सांगण्यात कमीपणा नाही. थरांची नावे परीक्षेनंतर विसरली जातील. परंतु न दिसणारी गोष्ट पुराव्याने कशी ओळखावी आणि पुरावा संपतो तेथे कसे थांबावे, हे एकदा मनात ठसले की जन्मभर पुरते. म्हणून वर्गात तो प्रश्न कोणी विचारला नाही, तर शिक्षकानेच विचारावा: हे कोणी पाहिले?