नाणं हातात घ्या, गाव विचारा



जुनी नाणी जमवणाऱ्या मंडळींशी आज बोलायचं आहे. पूर्वी नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन भरलं, की दारव्हा, पुसद, वणीचे शौकीन पहाटेची एस.टी. गाठायचे. आता घरबसल्या मोबाइलवर बोली लागते. प्रदर्शनं अजून भरतात, पण टेबलापाशी तासभर रेंगाळून जाणत्याला चार गोष्टी विचारणारे कमी झाले. मला काळजी त्याची आहे.

वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत फोटो पाहून बैल घेतो का कोणी? आपण दात पाहतो, वशिंडावर हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो. मग विचारतो, ‘कोणत्या गावचा?’ नाण्याचंही तसंच आहे. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. तो तळहातावर तोला, काठ निरखा. ओतीव नकलेच्या काठावर बरेचदा सांध्याची रेघ राहते. शिवराईवरची ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं दहा शिवराया हाताळल्यावर ओळखीची होतात. फोटोत वजन कळत नाही, काठ दिसत नाही. आणि गाव तर कोणी सांगतच नाही!

गाव कशाला हवं? आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांची दीड हजारांहून जास्त नाणी एका ठिकाणी सापडली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती अभ्यासली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं पुढे आली. ठेवा एकत्र राहिला, गाव ठाऊक होतं, म्हणून एवढं कळलं. तीच नाणी सुटी सुटी शंभर पत्त्यांवर कुरिअरनं गेली असती, तर काय कळलं असतं? बैल विकला गेला तरी त्याचं गाव कोणीतरी सांगतं. नाण्याचं गाव एकदा हरवलं, की हरवलंच.

थोडं रागावून सांगतो. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतील, या जाहिरातींना भुलू नका. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच सावध केलं आहे: जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कमिशनही मागत नाही. पैसे आधी भरा म्हणणाऱ्याला बैलबाजारात इसार दिला असता का तुम्ही, जनावर न पाहता?

आणि तऱ्हाळ्यासारखा नाण्यांचा ठेवा तुमच्याच शेतात नांगराला लागला, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं.

एवढं करा. येत्या दिवाळीच्या सुटीत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात एक टेबल मांडा. घरातली नाणी आणा, पोरांच्या हातात द्या, प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी ठेवा: कुठून आलं, कोणाकडून आलं. मोबाइल वापरा, जरूर वापरा. पण पुन्हा सांगतो, विकत घेण्याआधी नाणं हातात घ्या आणि गाव विचारा.