शेजाऱ्याचा प्रश्न



राखेच्या बुधवारीं सकाळची मिस्सा आटोपून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मनुष्य कचेरींत किंवा बाजारांत जातो, तेव्हां कोणी तरी विचारतोच, "हें कपाळाला काय लागलें आहे?" वसईपासून मुंबईपर्यंत आमच्या कॅथलिक समाजांतील पुष्कळ मंडळींचें यावर एक ठराविक उत्तर असतें : "आमच्यांत तशी पद्धत आहे." हें उत्तर खोटें नाहीं, पण त्यानें विचारणाराच्या तोंडावर दार लागतें. त्यानें आपुलकीनें चौकशी केली आणि आपण त्याला ओटीवरूनच परत पाठविलें! आज मला बोलावयाचें आहे तें अशा ओटीवरच्या संभाषणाविषयीं. धर्मप्रसार म्हटला कीं डोळ्यांपुढें व्यासपीठ, प्रवचनकार आणि छापील पत्रकें उभीं राहतात. परंतु श्रद्धेची खरी ओळख बहुधा अशा फुटकळ प्रश्नांतूनच होत असते.

मग त्या गृहस्थास काय सांगावें? गेल्या वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वादिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. मनुष्य मातीचा आहे व मातीस मिळणार आहे याची ती खूण. आणि आजपासून ईस्टरपर्यंत, मधले रविवार वगळून, ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. एवढें सांगावयास एक मिनिट पुरतें. भस्म ही वस्तु मराठी माणसाला परकी नाहीं. तो लागलीच आपल्या आजोबांच्या कपाळावरील विभूतीची गोष्ट काढील. काढूं द्यावी, आणि मन लावून ऐकावी. मात्र "म्हणजे तुमचें नि आमचें एकच" असें घाईनें म्हणण्याचा मोह आवरावा. त्यांत त्याच्याहि श्रद्धेचा मान राहत नाहीं आणि आपल्याहि.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत प्रभु येशूची शोमरोनी स्त्रीशीं विहिरीवर गांठ पडते. दुपारची वेळ, आणि यहुदी व शोमरोनी यांच्यांत तर भांड्यांचाहि विटाळ! तेथें येशु उपदेशानें आरंभ करीत नाहीं. तो पाणी मागतो. ज्या देशांत १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथील श्रोत्यांस या मागण्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. देणारा आधीं मागणारा झाला, म्हणून ती स्त्री बोलती झाली. लूकनें सांगितलेल्या अम्माऊसच्या वाटेवरहि तेंच. पुनरुत्थित प्रभु त्या दोघां खिन्न वाटसरूंना प्रथम त्यांच्या बोलण्याचा विषय विचारतो, आणि सारी हकीगत स्वतःला ठाऊक असूनहि त्यांच्या तोंडून पुरी ऐकून घेतो.

आपल्या भाषेंत याचें थोर उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज येशुसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आला आणि पुढें साष्टी प्रांतांत लोकांमध्यें राहिला. सुमारें ११,००० ओव्यांचें त्याचें 'ख्रिस्तपुराण' राचोल येथें १६१६ सालीं छापलें गेलें. त्याच्या ओव्यांचें माधुर्य सर्वांनीं वाखाणलें आहे. मला मात्र त्याची मांडणी अधिक बोलकी वाटते. ग्रंथाचा उगमच एका प्रश्नांत दाखविला आहे. धर्मशिक्षणास जमलेल्या नवख्रिस्ती लोकांपैकीं एक जण विचारतो कीं, जुनीं पुराणें आम्हांस बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? पुढेंहि श्रोते शंका काढतात आणि पाद्री उत्तरें देतो. त्याच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं छापलेली कोंकणी 'दौत्रिन'हि प्रश्नोत्तररूपच आहे. लोकांच्या शंका ओटीवर बसून ऐकल्यावांचून असें लिहितां येत नाहीं.

परंतु येथें एक कटु गोष्ट बोलून टाकली पाहिजे. त्याच साष्टींतील देवळें १५६७ सालीं सरकारी बळानें पाडलीं गेलीं होतीं, आणि गोव्यांतील इन्क्विझिशन १५६० पासून, मध्यंतरींचीं कांहीं वर्षें सोडल्यास, १८१२ पर्यंत चाललें. ज्याच्या पाठीमागें दंडुका उभा आहे, त्याच्याशीं समोरचा मनुष्य मोकळेपणानें काय बोलणार? शेजाऱ्याच्या मनांत आजहि जी शंका डोकावते, ती सर्वस्वीं निराधार नाहीं. ती हंसण्यावारी नेऊं नये. वसईची गोष्ट या बाबतींत विचार करण्यासारखी आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता गेली; ख्रिस्ती शेतकरी, कोळी मात्र तेथेंच राहिले. तेव्हांपासून त्यांना आपली श्रद्धा शेजारधर्मानेंच बोलून दाखवावी लागली. मला हें त्यांचें भाग्य वाटतें.

चर्चनेंहि १९६५ सालच्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यांत सक्ति, आमिष व गैरवाजवी दडपण यांचा स्पष्ट निषेध केला आहे. आपल्या राज्यघटनेचें २५ वें कलम धर्माच्या प्रसाराचा हक्क देतें. पण त्यांत दुसऱ्याचें धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. याशिवाय निरनिराळ्या राज्यांचे आपापले कायदे आहेत. यामुळें कित्येक जण अगदीं मुके होऊन बसले आहेत. पण विचारलेल्या प्रश्नास खरें उत्तर देणें आणि कोणाला ओढून आणणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे.

प्रश्न नेहमीं राखेसारखे सोपे नसतात. "पाद्र्याच्या कानांत पाप सांगितलें, कीं पुन्हां करावयास मोकळे, नाहीं का?" हा टोमणा कोणीं ऐकला नाहीं? रागावण्याचें कारण नाहीं. शांतपणें सांगावें कीं, खरा पश्चात्ताप आणि पुन्हां तें न करण्याचा निश्चय नसेल, तर ती क्षमा लाभतच नाहीं. चोरलें असेल तें परत करावें लागतें. आणि ऐकलेलें पाप धर्मगुरूला मरणाच्या धमकीपुढेंहि उघड करतां येत नाहीं, कारण तें उघड करणारा धर्मगुरु तत्क्षणीं बहिष्कृत होतो. कुमसाराला जाण्याचा संकोच आपल्यालाहि वाटतो, हें सांगण्यास लाजूं नये. त्या कबुलीनें शेजारी जितका जवळ येतो, तितका दहा वचनांनीं येत नाहीं. पवित्र मारियेविषयीं विचारलें, तर उपासना एका परमेश्वराचीच, तिचा मात्र आदर व तिच्याकडे मध्यस्थीची विनंती, हा भेद सांगावा. एखादें उत्तर ठाऊक नसलें तर "विचारून सांगतों" म्हणावें, आणि खरोखरच विचारून सांगावें. वादांत प्रतिपक्षी हरला म्हणून त्याचें मन वळलें, असें मीं तरी पाहिलें नाहीं.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१३ सालच्या आपल्या प्रेरितपत्रांत याच घरगुती बोलण्याचा विचार केला आहे. समोरच्यानें आपलीं सुखें, आशा व काळज्या आधीं बोलाव्या, आणि मगच देवाच्या वचनाची गोष्ट निघावी, असा क्रम त्यांनीं सांगितला. दुखणाइताच्या उशाशीं तर हा क्रम कटाक्षानें पाळला पाहिजे. आजारी शेजाऱ्याला जेवणाचा डबा पोंचवावा. त्या डब्याबरोबर दुसरें कांहीं पोंचवूं नये. "तुमच्यासाठीं प्रार्थना करीन" असें म्हटलें, तर ती त्याच रात्रीं करावी. त्यानें आपण होऊन विचारलें, तर बोलावें. आणि "हा विषय आतां पुरे" असें तो म्हणाला, तर तेथेंच थांबून पावसाचें, भाताचें, मुलांच्या परीक्षांचें बोलावें. दुसऱ्या दिवशीं डबा मात्र नेहमींच्या वेळेस पोंचला पाहिजे.