बॉबिन भरणारी बाई

२००८ साली मी काँगोतल्या गोमा शहरात होतो, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या भारतीय ब्रिगेडमध्ये. किवू सरोवराच्या पलीकडच्या टोकाला बुकावू. तिथं डॉ. डेनिस मुकवेगे यांनी १९९९ मध्ये पेन्टेकोस्टल चर्चच्या साथीनं पांझी रुग्णालय उभारलं. युद्धात अत्याचार झालेल्या हजारो बायकांवर तिथं उपचार झाले. २०१८ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं, ते याच कामासाठी.

गोमातही एका चर्चचा अशा बायकांसाठी शिवणवर्ग होता. मी कापडाचे तागे द्यायला गेलो आणि दुभाष्यामार्फत एका मुलीला विचारलं, "तुला काय झालं होतं?" अंगावर वर्दी, कमरेला पिस्तूल! तिचं मशीन थांबलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही.

तिथली परदेशी स्वयंसेविका, साठीची बाई, मला बाहेर घेऊन गेली. "दीड वर्ष मी इथं बॉबिन भरते. एकीलाही विचारलेलं नाही. कधी स्वतःहून सांगतात. तेव्हा म्हणायचं, पोले साना." स्वाहिलीत याचा अर्थ, फार वाईट वाटलं.

तुमच्यापैकी काहीजण चर्चमार्फत अशा कामाला जाऊ म्हणता. जरूर जा. पण तीन आठवड्यांसाठी नको, आणि फोटोसाठी तर नकोच. आधी भाषा शिका.

पुढच्या रविवारी पिस्तूल छावणीत ठेवून मी परत गेलो. त्या मुलीनं मान वर केली नाही. मी बॉबिन भरत बसलो.