परदेशातील कुटुंबजीवन आणि आपली मुले

(बिलोली येथे वर्षावासातील एका रविवारी संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



संयोजकांनी मला परदेशातील अनुभव सांगायला बोलावले आहे. मी काही विदुषी नाही. डी.एड. झाल्यावर दोन वर्षे शाळेत शिकवले, लग्न झाले, आणि यांची कंपनीने बदली केली म्हणून २००८ साली दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन इंग्लंडला गेले. तिथेच २०११ साली मुलगा झाला. २०१७ मध्ये आम्ही परत आलो. या नऊ वर्षांत मी पाहिले ते घर, मुलांची शाळा, दवाखाना आणि लोकांच्या बैठकीच्या खोल्या. म्हणून मी त्याच गोष्टी बोलणार आहे. मोठमोठ्या विषयांवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

पहिला हिवाळा मला अजून आठवतो. डिसेंबरात दुपारी चार वाजता अंधार पडायचा. आपल्याकडे मूल रडले तर तीन घरांतून बायका धावत येतात, कुणी दृष्ट काढते, कुणी ओवा चोळते. तिथे दार लावले की आपण आणि मूल. शेजारीण चांगली होती, पण विचारल्याशिवाय कुणी कुणाच्या घरात येत नाही. मुलगी तापाने फणफणली त्या रात्री मी आईची आठवण काढून रडले. तेव्हा मला एक गोष्ट कळली. मूल सांभाळते ते एकटी आई नव्हे, गल्ली सांभाळते. परदेशात ती गल्ली आपल्याला नव्याने जमवावी लागते, आणि ती जमते प्रसंगांमधून. वाढदिवस, बारसे, सणवार, जयंती यांना तिथे फार मोल आहे ते याचसाठी.

या प्रसंगांची रीतही शिकावी लागते. मुलीला वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाची चिठ्ठी आली. त्यावर वेळ होती २ ते ४. आम्ही आपल्या सवयीने नटूनथटून साडेतीनला पोहोचलो. केक कापून झाला होता, मुले कोट घालत होती. ४ म्हणजे चार. येणार की नाही ते आधी कळवायचे, कोणत्या मुलाला काय खाण्याचा त्रास होतो ते विचारायचे, परत जाताना प्रत्येक मुलाच्या हाती खाऊची लहानशी पिशवी द्यायची. दुसऱ्याच्या गाडीतून जायचे तर लहान मुलासाठी वेगळी खुर्ची लागते, तो कायदा आहे. मांडीवर घेऊन बसलो असे चालत नाही. हे सगळे सहा महिन्यांत अंगवळणी पडते. त्याचे मला काही वाटत नाही. अवघड गोष्ट निराळी होती, ती आता सांगते.

आमच्या शहरात वीसेक मराठी कुटुंबे होती. संक्रांतीचे हळदीकुंकू, गणपती, कोजागिरी, दिवाळी असे कार्यक्रम व्हायचे. परक्या मुलखात मराठी बोल कानावर पडले की जिवाला किती बरे वाटते हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. आम्ही आनंदाने जायचो. पण पहिल्या भेटीत गाव विचारले जायचे, मग आडनाव, मग आणखी दोन-तीन प्रश्न. प्रश्न गोड आवाजात असायचे, रोख मात्र आपल्याला ओळखीचा असतो. कुणी आम्हाला वाईट शब्द बोलले नाही. फक्त काही घरांची आमंत्रणे हळूहळू थांबली. मुलीचा वाढदिवस आला तेव्हा मला भीती वाटली की लोक येणार नाहीत आणि पोर एकटी बसेल. तेव्हा मी काय केले, ते आज या सभेत उघड सांगते. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि भगवान बुद्धांचा फोटो होता. बुद्धांचा राहू दिला, कारण तो कुणाच्याही घरात असतो. बाबासाहेबांचा फोटो काढून कपाटात साड्यांखाली ठेवला.

एकदा ठेवला, मग सवय लागली. मराठी पाहुणे येणार असले की फोटो कपाटात, गेले की भिंतीवर. मुलगी पाच वर्षांची झाली. एके दिवशी यांच्या ऑफिसातले इंग्रज जोडपे जेवायला येणार होते. मी स्वयंपाकात होते. मुलगी आली आणि म्हणाली, "आई, आज फोटो काढायचा नाही ना? आज मराठी बोलणारे नाहीत." माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली. मी तिला कधी काही सांगितले नव्हते. तिने नुसते पाहिले होते आणि स्वतःच नियम काढला होता: परक्यांसमोर बाबासाहेब चालतात, आपली भाषा बोलणाऱ्यांसमोर लपवायचे.

सज्जनहो, या नांदेड जिल्ह्यात नामांतराच्या काळात काय घडले ते इथल्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. १९७८ साली टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा बळी गेला. घरे जळाली, माणसे परागंदा झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. एका नावासाठी सोळा वर्षे आपल्या माणसांनी सोसले, आणि मी कुणाच्या धाकावाचून, केकच्या चार तुकड्यांसाठी, तेच नाव साड्यांखाली ठेवत होते. त्या रात्री आम्ही दोघे बोललो. फोटो पुन्हा काढायचा नाही असे ठरले.

पुढे काय झाले? आभाळ कोसळले नाही. दोन कुटुंबे यायची थांबली. पण सगळे तसे नव्हते हेही सांगितले पाहिजे. मुलाच्या वेळी मध्यरात्री मला कळा सुरू झाल्या तेव्हा मुलीला उचलून स्वतःच्या घरी नेणारी, तीन दिवस तिची वेणीफणी करणारी बाई मराठीच होती, आपल्या समाजाची नव्हती. तिने तो फोटो पाहिला होता. तिने पुढे माझ्याकडून बाबासाहेबांचे चरित्र वाचायला मागून नेले. म्हणजे फोटो लपवून मी जी माणसे राखत होते ती राखण्याजोगी नव्हती, आणि जी राखण्याजोगी होती ती फोटोमुळे गेली नाहीत.

मुलगी शाळेत जाऊ लागली. डिसेंबरात येशूच्या जन्माचे नाटक असते, त्यात तिला मेंढरू केले. इकडून नातेवाइकांचे फोन आले, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, हे कसे चालते? आम्ही विचार केला. वर्गातली सगळी मुले, मुसलमान, शीख, सगळी त्यात होती. एकट्या पोरीला बाजूला बसवून आपण तिला काय शिकवणार? ती मेंढरू झाली आणि फार छान झाली. पण मी बाईंना जाऊन सांगितले की आम्ही बौद्ध आहोत, आमचाही सण असतो. तिथल्या शाळांत सर्व धर्मांची ओळख हा अभ्यासाचा विषयच आहे. बाईंनी मला वैशाख पौर्णिमेच्या आठवड्यात वर्गात बोलावले. पाच वर्षांच्या मुलांना मी चार आर्यसत्ये काय सांगणार? मी सिद्धार्थ, देवदत्त आणि बाण लागलेल्या हंसाची गोष्ट सांगितली आणि विचारले, हंस कुणाचा? सगळा वर्ग ओरडला, वाचवणाऱ्याचा. माझी मुलगी त्या दिवशी ताठ मानेने घरी आली. तिला मी शंभर वेळा घरी सांगून जे समजले नसते ते त्या अर्ध्या तासात समजले.

मग आम्ही आपली माणसे शोधू लागलो. १४ एप्रिल आठवड्याच्या मध्येच आला तर तिथे सुट्टी नसते, म्हणून जवळच्या शनिवारी-रविवारी जयंती करतात. वुल्व्हरहॅम्प्टन या गावी आंबेडकरी बौद्धांनी उभारलेला बुद्ध विहार आहे. तिथे गेलो तर काय, बहुतेक मंडळी पंजाबी! त्यांचे वाडवडील पंजाबातून येऊन तिथल्या कारखान्यांत राबले, आणि राबता राबता त्यांनी विहार उभा केला. बोली पंजाबी, जेवण डाळ-रोटीचे. आमचा मुलगा गोंधळला. पण त्रिशरण-पंचशील सुरू झाले तसा तोही हात जोडून म्हणू लागला, कारण शब्द तेच होते. परत येताना तो म्हणाला, "ते आपली भाषा बोलत नाहीत, पण जयभीम म्हणतात." ज्या पोराच्या बहिणीने उलटा नियम शिकला होता, त्याने हा नियम शिकला. दोन्ही शिकवणारे आम्हीच होतो.

घरातल्या भाषेबद्दल थोडे सांगते. मुले शाळेत गेली की वर्षभरात मराठीतून प्रश्न आणि इंग्रजीतून उत्तर अशी तऱ्हा होते. त्यावर उपाय एकच सापडला, तो म्हणजे आजी. माझ्या सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, म्हणून मुलांना मराठी बोलावेच लागले. आपल्याकडच्या बोलीत तेलुगूचे शब्द मिसळलेले असतात, तेही पोरांनी उचलले. सासूबाई रोज संध्याकाळी वंदना घ्यायच्या आणि नंतर मांजरा नदीच्या, शेताच्या, जयंतीच्या मिरवणुकीच्या गोष्टी सांगायच्या. मात्र दिवसभर त्या खिडकीशी बसून रस्त्यावर माणूस दिसतो का पाहत असायच्या, हेही विसरता येत नाही. नातवंडांना मराठी मिळाली, त्याची किंमत म्हाताऱ्या माणसाने एकटेपणात मोजली.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही मुलांना लंडनला घेऊन गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना या घरात राहत. महाराष्ट्र शासनाने हे घर २०१५ साली घेतले. आम्ही रस्त्यावर उभे राहून घर दाखवत होतो. पाच वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबासाहेबांची मुलं कुठल्या खोलीत झोपायची?" त्याला वाटले, आपण जसे आलो तसेच ते आले असतील. मी म्हटले, त्यांची मुले इथे नव्हती, मुंबईत होती. तो म्हणाला, "मग बाबासाहेबांना करमायचं कसं?"

बंधू-भगिनींनो, याचे उत्तर मला देता आले नाही. १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा यशवंतराव वर्षाचेही झाले नव्हते. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, तेव्हाही रमाई मुलाबाळांसह परळच्या चाळीत हालात दिवस काढत होत्या. रात्री भूक लागली की बाबासाहेब पापड भाजून खात आणि पुन्हा वाचायला बसत, असे आपण त्यांच्या चरित्रात वाचतो. आमच्या सामानात माझ्या आईने दिलेला पापडांचा डबा होता, आम्ही तो वरणभातासोबत हौसेने खाल्ला. पापड तोच, पण किती फरक! त्यांनी लेकरांपासून दूर राहून जे मिळवले त्यामुळे आम्ही लेकरे कडेवर घेऊन विमानात बसलो. आणि तिथे जाऊन आम्ही त्यांचाच फोटो लपवला.

आता विद्यार्थ्यांसाठी चार शब्द. तुमच्यापैकी काही जण बाहेर जातील, जावेच. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. त्यांची माहिती बारावीपासूनच घ्या. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना पती, पत्नी व मुले सोबत नेता येत नाहीत. संशोधनाचे अभ्यासक्रम आणि शासकीय शिष्यवृत्ती अशा काहींना सवलत आहे. हे नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी स्वतः वाचून पाहा, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. ज्यांची लेकरे लहान आहेत त्यांनी घरच्यांशी बसून बोला. मागे राहणाऱ्या बाईवर काय पडते याचा हिशेब आधी करा. रमाईंनी सोसले म्हणून तुमच्या घरच्या लक्ष्मीनेही मुकाट सोसावे, असा त्याचा अर्थ नाही.

आणि जे मुलांसह जातील त्यांना माझे सांगणे एवढेच. मुलांना आपण कोण आहोत हे व्याख्यान देऊन कळत नाही. तुम्ही कुणाला जेवायला बोलावता, कुणाच्या घरी जाता, जयंतीला दिवा कुठे लावता आणि पाहुणे आले की भिंतीवरचे काय काढता, यावरून त्यांना कळते. प्रसंग करा, लहान करा पण उघड्या दाराने करा. सर्वांना बोलवा. येतील ते आपले. आणि हे फक्त परदेशासाठी नाही. पुण्याला, हैदराबादला भाड्याचे घर घेताना आपल्यातले किती जण फोटो सामानाच्या तळाशी ठेवतात, हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे.

आमचा तो फोटो आता इथे आमच्या घरी आहे. चौकटीचा एक कोपरा कपाटात ठेवता-काढताना उडाला आहे. यांनी नवी चौकट आणू म्हटले. मुलगी म्हणाली, राहू द्या. तो कोपरा तसाच ठेवला आहे.



नमो बुद्धाय. जयभीम.