अंगणातले पाणी, अंगणातली पाखरे

(संस्थेच्या विद्यार्थी वसतिगृहात २० मार्च रोजी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजची तारीख आपणा सर्वांना पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्यांच्यामागून हजारो लोकांनी घेतले. योगायोग असा की, २०१० सालापासून हाच दिवस जगभर चिमणी दिवस म्हणूनही पाळला जातो. त्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीचा पुढाकार होता. म्हणूनच संयोजकांनी मला अंगणातल्या पाखरांविषयी बोलायला सांगितले.

व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, तेव्हा आपल्यातल्याच एका वयोवृद्ध बाबांनी मला थांबवून विचारले, "गुरुजी, त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, पाखरं पीत होती. बंदी होती ती आपल्याला. मग आजच्या दिवशी पाखरांना पाणी ठेवा, हेच तुम्ही सांगणार का?" प्रश्न रास्त आहे. त्याला वळसा घालून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जात. आमच्या वस्तीचा आड कोरडा पडला होता आणि गावविहिरीवर दुसऱ्या कुणी पोहरा ओतला तरच आमची घागर भरायची. अशा दिवसांतही आई लिंबाखाली फुटक्या माठाची खापरी ठेवून तीत तांब्याभर पाणी घालायची. मी एकदा चिडून म्हणालो, "आपल्यालाच पुरंना, आन् तू पाखरांना घालतीस!" ती म्हणाली, "लेकरा, रिकामी घागर घेऊन वाट बघत उभं ऱ्हाणं काय असतं, ते मला ठावं हाय. माझ्या दारात कुणी तसं उभं ऱ्हाऊ नये."

मित्रहो, महाडचा लढा हक्काचा होता, दयेचा नव्हता. तेथील माणसांची पाखरांशी तुलना करणे हा त्या लढ्याचा अवमान ठरेल. पण ज्यांच्या वाडवडिलांना पाणी नाकारले गेले, त्यांच्या अंगणातून कोणताही जीव तहानलेला जाऊ नये, यात त्या लढ्याशी विसंगत असे काही नाही. सम्राट अशोकाने रस्त्याच्या कडेला विहिरी खोदल्या, झाडे लावली, ती माणसांसाठी आणि पशूंसाठीही. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात ज्या जीवांना मारू नये म्हणून सांगितले आहे, त्या यादीत पोपट आणि साळुंकी आहेत. हा वारसा आपलाच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

आपला बीड जिल्हा अवर्षणाचा. मार्च ते मे या काळात ओढे, नाले, पाणवठे आटतात. त्यातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरांना कुलूप लागते, माणसे ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि तुमच्यासारखे विद्यार्थी. म्हणून हे काम तुमचे आहे.

भांडे मातीचे, पसरट आणि खरबरीत बुडाचे घ्यावे. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको. मधोमध एक दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला आणि पडलेल्या मधमाशीलाही आधार मिळतो. भांडे सावलीत, शक्य तर कमरेइतक्या उंचीवर असावे. जवळ झाड असावे, पण मांजर दबा धरून बसेल अशी अडचण लगत नसावी. पाणी रोज बदलावे आणि भांडे राखेने घासावे. शिळ्या पाण्यात शेवाळ धरते, रोग पसरतो आणि डासांची पैदास होते. एकदा सुरू केले की पावसाळा येईपर्यंत मध्येच सोडू नये.

दाण्यासाठी ज्वारी, बाजरी, कण्या चालतात. खारट, तळलेले, बुरशी आलेले काही टाकू नये. मात्र दाणे टाकले म्हणजे सगळे झाले असे नाही. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. दारात दाणे टाकायचे आणि परसात विषारी फवारा मारायचा, याला काय म्हणावे? उंदरांसाठी विष ठेवले, तर तो उंदीर खाणारा पिंगळाही त्याला बळी पडू शकतो. त्यापेक्षा एक लिंब, एक बोर, शेवगा, मेंदीचे कुंपण आणि चार जास्वंदी लावा. जास्वंदीवर शिंजीर येईल, रुंद पानांची शिवण करून शिंपी घरटे बांधील, बोरीखाली सातभाईंचा कलकलाट सुरू होईल आणि लिंबावर खार राहायला येईल. परसात धामण दिसली तर काठी शोधू नका. ती बिनविषारी आहे आणि उंदीर खाते. सापाची ओळख पटत नसेल, तर लांब राहून वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

पूर्वी आपल्या माळवदाच्या घरांत चिमण्यांना वेगळी जागा द्यावी लागत नसे. तुळईच्या सांदीत, कोनाड्यात, भिंतीवर कललेल्या तसबिरीच्या मागे त्यांचे घर होई. आमच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे चिमणीने घरटे केले, तेव्हा पिले उडेपर्यंत आईने ती तसबीर पुसायलाही खाली घेतली नाही. सिमेंटच्या घरांत अशी फट उरली नाही. म्हणून आडोशाला, पश्चिमेचे ऊन लागणार नाही अशा ठिकाणी लाकडी पेटी टांगावी. तिचे भोक साधारण सव्वा इंचाचे असावे.

आता सर्वात महत्त्वाचे. पाणी ठेवणे हे अर्धे काम झाले, पाहणे हे उरलेले अर्धे. एक वही करा. रोज सकाळी पंधरा मिनिटे एका जागी शांत बसा. तारीख, वेळ, पक्षी आणि त्यांची संख्या लिहा. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, शेपटी आणि आवाज लिहा. होला, बुलबुल, चिरक, कोतवाल, वेडा राघू असे वीस-पंचवीस पक्षी थोड्याच दिवसांत ओळखू लागाल. हिवाळ्यात ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या आपण गोफणीने हाकलतो. त्या मध्य आशियाच्या बाजूने येतात आणि टोळ-नाकतोडेही खातात, हे किती जणांना ठाऊक आहे? आपल्याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली झाले. एकदा वही घेऊन तिकडेही जा.

वही कशासाठी? ऐकीव गोष्ट तपासून घेण्यासाठी. मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या नाहीशा झाल्या, असे सर्रास बोलले जाते. त्याला पक्का पुरावा मिळालेला नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली एक अहवाल निघाला. त्यात असे दिसले की मोठ्या शहरांत चिमण्या घटल्या, पण एकूण देशात त्यांची संख्या बरीचशी टिकून आहे. या नोंदी करणारे सगळेच शास्त्रज्ञ नव्हते, त्यांत तुमच्यासारखी साधी माणसेही होती. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पाखरांची गणना होते, भारत तीत २०१३ पासून सहभागी आहे. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्याचा पिवळा डाग पाहून लहानग्या सालिमला प्रश्न पडला आणि त्या प्रश्नातून भारताचा थोर पक्षीशास्त्रज्ञ घडला. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पाहा, नोंदवा, मग बोला. ही सवय पाखरांपुरती राहत नाही, ती आयुष्यभर उपयोगी पडते.

शेवटी एक विनंती. वसतिगृहाच्या लिंबाखाली आज आपण मातीची थाळी ठेवणार आहोत. ज्या बाबांनी मला तो प्रश्न विचारला, ते समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. पहिला तांब्या त्यांच्या हातून ओतला जावा, अशी माझी इच्छा आहे. त्यांचे मन तयार नसेल, तर मला वाईट वाटणार नाही, कारण त्यांनी जे सोसले त्याचा हिशेब एका थाळीने फिटत नाही. पण विद्यार्थी मित्रहो, उद्यापासून तो तांब्या तुमचा आहे. सुट्टीतही, परीक्षेतही.

जयभीम!