पाण्याची खूण आणि शाळेची वही
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला आहे. आजच्या विषयपत्रिकेत 'आपत्ती व्यवस्थापन' असा जड शब्द छापलेला आहे. तो ऐकला की हे काम तहसील कचेरीचे, आपले नव्हे, असे मनात येते. माझेही कित्येक वर्षे तसेच मत होते.

कृष्णा-पंचगंगेच्या काठी पूर नवा नाही. नृसिंहवाडीस पादुकांवरून पाणी वाहू लागले की दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी माणसे धावत येतात. नदी उंबऱ्याशी येणे हे आपल्याकडे भाग्याचे मानले गेले. परंतु या जुन्या ओळखीनेच एकदा घात केला. २००५ साली पाणी जिथवर आले, ती खूण प्रत्येक घराने मनाशी पक्की केली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सरपंच व तलाठी दारोदार फिरून निघण्याची विनवणी करीत असता माणसे उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणत, "पाच सालाला पाणी ह्या पायरीला लागलं होतं. ह्याच्या वर यायचं न्हाई." पाणी वर आले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटली. तीत झेपतील त्याहून अधिक माणसे बसली होती. बुडालेल्यांत स्त्रिया होत्या, लेकरे होती. पुढे दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तसाच पूर आला. तेव्हा जुनी खूण खरी असली तरी ती शेवटची नव्हे, हे आता मुलांस शिकविले पाहिजे.

माझ्या स्वतःच्या चुकीविषयी सांगतो. २०१९ साली एका शाळेतील निवारा केंद्राचे काम मजकडे होते. कुटुंबवार यादी मी मोठ्या काळजीने केली होती, आणि रात्री ती शिधापत्रिकांशी ताडून 'सर्व आले' अशी नोंदही केली. इतक्यात सहावीतील एक मुलगी जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, आमच्या गल्लीतली आजी कुठाय?" ही म्हातारी अंथरुणास खिळलेली. तिचे नाव मुलाच्या पत्रिकेत, आणि मुलगा परगावी. माझ्या यादीत ती कोठेच नव्हती. ही मुलगी रोज सकाळी तिला दूध पोचवीत असे, म्हणून तिला ठाऊक. गल्लीतील तरुणांनी छातीभर पाण्यातून बाजेसकट म्हातारीस आणले. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, पाऊस लागण्यापूर्वी, कोरड्या दिवसांत, वरच्या वर्गातील मुलांकडून गल्लीवार वही करून घ्यावी. एकटे कोण राहते, चालता कोणास येत नाही, गरोदर कोण, जनावरे किती, ओढ्याचे पाणी चढताच कोणती वाट प्रथम बंद होते. नदीचे पाणी दाराशी येण्यापूर्वी ओढेच गावाचे बेट करतात, हे आपण सर्व जाणता. तिन्ही पुरांच्या खुणा वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर काढाव्यात. मात्र पाणी चढू लागल्यावर एकाही मुलास मोजमापासाठी काठावर पाठवू नये.

ही वही शाळेत पडून राहिली तर व्यर्थ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. परंतु त्याच कायद्याने स्थानिक संस्थांवरही आपल्या सेवकांस प्रशिक्षण देण्याची व साधने सज्ज ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. बोटीची दुरुस्ती, तरंगजाकिटे, निवाऱ्याची शौचालये या गोष्टी ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात लिहिल्या गेल्या तरच त्यांस पैसा मिळतो. आणि आराखडा ग्रामसभेपुढे येतो. तेथे आपण शिक्षक बहुधा मागल्या बाकावर मौन धरून बसतो. (मीही बसलो आहे.) यंदा उठून वही वाचून दाखवावी. बोटीत किती माणसे बसवावयाची, आणि तो आकडा मोडू पाहणाऱ्यास कोणी अडवावयाचे, हेही त्याच सभेत ठरावे. पाणी आल्यावर असे ठरविता येत नाही.

अलमट्टीचे पाणी किती सोडावे, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे केव्हा उघडतील, हे आपल्या हाती नाही. त्यावर पारावर वाद पुष्कळ होतात, ते होवोत.

शाळेविषयी एकच. एके ठिकाणी जनरल रजिस्टर कपाटाच्या खालच्या खणात राहिले. पाणी ओसरल्यावर पाने चिकटून त्याची वीट झाली होती, आणि जन्मतारखेच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसांस मुख्याध्यापक काय उत्तर देणार? रजिस्टर आजच वर ठेवावे. वहीच्या तीन प्रती कराव्यात: एक सरपंचांकडे, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरी, एक शाळेत. पुढील परिषदेस येताना आपापली वही सोबत आणावी. प्रत्येक गल्लीचे पान मी स्वतः पाहणार आहे.